भाईसांचं मीठ

स्वयंपाकात कोणी काय वाट्टेल ते करावं, पण मीठ एकाच माणसाने घालावं. दोघांनी घातलं की झालं वाटोळं. आमच्या धंद्यातला हा पहिला नियम. तीस वर्षं मला त्याचा विचारही करावा लागला नाही, कारण मीठ माझे मोठे भाऊ अंबालाल, म्हणजे आमचे भाईसा, घालायचे. मी कणीक मळायचो, बाट्या भाजायचो, कढीला फोडणी द्यायचो आणि प्रवाशांशी भांडायचो. भाईसा पातेल्यापाशी यायचे, मला कोपराने जरा बाजूला सारायचे, मूठ भरायचे, थोडी झटकायचे आणि टाकायचे. चव बघायची सोय नव्हती. आमची यात्रेची बस, बसमध्ये देव, आमचे ठाकुरजी, बसवलेले, आणि त्यांना भोग लागल्याशिवाय जिभेला थेंब लावायचा नाही. बेचाळीस माणसांची डाळ आणि मीठ निव्वळ अंदाजाने. भाईसांचा अंदाज कधी चुकला नाही. माझा कधी बरोबर आला नाही. हे आज सांगतोय. तेव्हा मान कापली असती तरी कबूल केलं नसतं.

मी गेहरीलाल. उदयपूरकडचा बामण, पिढीजात स्वयंपाकी. लोक महाराज म्हणतात. हाताला चोख, सोवळ्याला कडक आणि तोंडाचा फटकळ. चौपन्न वर्षांत देवाचा प्रसाद सोडला तर परक्याच्या हातचा घास खाल्ला नाही. रामेश्वरला गेलो तरी माझी बाटी, काशीला गेलो तरी माझी बाटी. भाईसा नेमके उलटे. मुक्कामाला बस लागली, भांडी घासून झाली, की हे खांद्यावर पंचा टाकून गायब. गावोगावी त्यांची खाण्याची ठिकाणं ठरलेली. परत यायचे ते मिशीला भलताच वास घेऊन.

"गेहरी, सगळा देश फिरलास, पण जीभ काही उदयपूरच्या बाहेर पडली नाही तुझी," म्हणायचे.

"तुमची पडली ना, पुष्कळ झालं. मला नरकाची घाई नाही," मी म्हणायचो. मग दोघे हसायचो.

बिघडलं ते बंगालमध्ये. तीन वर्षांपूर्वी, गंगासागरला जाताना डायमंड हार्बरला बस थांबली होती. भाईसांना बोलवायला मी नदीकाठी गेलो, तर हे एका भातखानावळीच्या बाकावर मांडी ठोकून बसलेले. पुढे केळीचं पान, पानावर भाताचा ढीग, आणि भातावर मोहरीच्या पिवळ्या वाटणातला मासा. एकेक काटा काढून निगुतीने पानाच्या कडेला लावत होते. मला बघून दचकलेसुद्धा नाहीत. सरकले आणि बाकावर जागा केली.

बसमध्ये मी ब्र काढला नाही. प्रवाशांना कळलं असतं तर बस तिथेच रिकामी झाली असती. पण गावी पोचल्यावर पंचांपुढे तोंड उघडलं, सख्ख्या भावाविरुद्ध. पंचांनी मुंडण करवलं, गंगाजळ पाजलं आणि विषय संपवला. मी नाही संपवला. पुढच्या यात्रेत त्यांना भट्टीच्या जवळ फिरकू दिलं नाही. बाहेर पाटावर बसवून भाजी चिरायला लावली. "मिठाच्या डब्याला हात लावलात तर डबा उचलून फेकून देईन," असं सगळ्यांदेखत म्हणालो. भाईसा भोपळा चिरत होते. चिरतच राहिले.

त्या यात्रेनंतर ते बसवर आले नाहीत. मी एकट्याने दोन वर्षं कशीबशी रेटली. कधी डाळ आळणी, कधी कढी खारट. लोकांची तोंडं वाकडी व्हायची आणि मी त्यांच्यावर डोळे वटारायचो. मग या माघात भाईसा गेले.

तेराव्यानंतर भाभीसांनी मला आत बोलावलं. त्यांना मूलबाळ नाही. घुंगटातूनच म्हणाल्या, "देवरजी, यंदा बस गयेला जाईल तेव्हा पिंड तुम्हीच द्यायचा. आणि वाटेत ज्यांनी ज्यांनी यांना जेवू घातलं, त्यांना निरोप द्यायचा. मदुरेत एक बाई आहे, बंगालात तो खानावळीचा म्हातारा, आणि गयेत एक लिट्टीवाला. यांची वाट बघत बसायला नकोत ती माणसं."

"सांगतो," मी म्हणालो.

"शेवटचे तीन दिवस काही खाल्लं नाही त्यांनी. तापात एकच विचारायचे. गेहरीच्या डाळीत मीठ पडलं का?"

मी उठलो, गोठ्यात गेलो आणि म्हशीच्या पाठीवर डोकं ठेवून रडलो. माणसांसमोर रडायची मला सवय नाही.

फाल्गुनात बस निघाली. पहिला मुक्काम ओंकारेश्वर. ठाकुरजींना भोग लावला, पंगत बसली, आणि पहिल्या घासाला सगळ्यांनी पाण्याचे पेले उचलले. आमच्यात सोहनबाई म्हणून एक सत्तरीची म्हातारी दरवर्षी येते. तिची जीभ माझ्याहून लांब.

"महाराज," ती म्हणाली, "समुद्र रामेश्वरला ना? का यंदा इथूनच सुरू झाला?"

दुसऱ्या दिवशी मी मीठ निम्मं घातलं. तरी खारट. श्रीशैलमला त्याच्याही निम्मं घातलं. तरी तोंडात धरवेना. डाळ म्हणू नका, गट्ट्याची भाजी म्हणू नका, सगळं तेच. बसचे मालक लोढाजी सोबत असायचे. माणूस सज्जन, पण धंदेवाईक. तिरुपतीला त्यांनी मला बाजूला घेतलं.

"गेहरीलालजी, लोक तीर्थाला आलेत, शिक्षा भोगायला नाही. मदुरेपर्यंत बघतो. नाहीतर तिथे दुसरा महाराज धरीन आणि तुम्हाला रेल्वेत बसवून देईन."

तीस वर्षं झाली होती मला त्या बसवर. घरी शेत नाही, दुसरं काही येत नाही. मी डोकं धरून मिठाच्या डब्यापाशी बसलो, आणि तेव्हा मला झाकण दिसलं. उलटं होतं. पितळी झाकण, कडा वर आणि पोट खाली. ही भाईसांची खोड. तीस वर्षं मी त्यावरून ओरडलो, तीस वर्षं त्यांनी झाकण उलटंच ठेवलं. मी स्वतः कधी तसं ठेवत नाही. मी ते सरळ केलं.

कांचीला माझं सोहनबाईशी वाजलं. तिला अंघोळीला दोन बादल्या गरम पाणी हवं होतं, मला भट्टी हवी होती. भांडणाच्या नादात डाळ उतरवली, भोग लावला, पंगतही वाढली, आणि मग आठवलं, मीठ घालायचंच राहिलं. माझे कान तापले. आता ही माणसं मला सोडत नाहीत, असं म्हणून खांबाला टेकून उभा राहिलो. पंगतीत कोणी बोलेना. वाट्यांचे भुरके तेवढे ऐकू यायला लागले. पंगत गप्प झाली की स्वयंपाक्याला काय ते कळतं.

"महाराज, आज काय केलंत?" सोहनबाईने विचारलं.

"का? काय झालं?"

"व्हायचंय काय? वाढा आणखी."

सगळे उठल्यावर मी डाळ चाखली. मीठ अगदी जिथल्या तिथे होतं, ना कण जास्त ना कण कमी. तीन वर्षांनी ती चव जिभेवर आली आणि मी तिथेच फरशीवर बसलो. डब्याचं झाकण उलटं होतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याने मीठ घातलं असेल आणि विसरला असेल. मीही तेच म्हणालो. म्हणून दुसऱ्या दिवशी डबा लोखंडी पेटीत घातला, कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली. डाळ उकळायला लागली. वाफ तोंडावर आली आणि मी आपोआप डावीकडे सरकलो. सरकल्यावर लक्षात आलं, की आपल्याला कोणी सरक म्हणालं नव्हतं. उजव्या कोपराला कोणाचा तरी ढोस लागला होता, भाईसा लावायचे तसाच, हलका. झारा हातातून पडला.

"भाईसा?" मी म्हणालो.

डाळ रटरटत होती. बाहेर ड्रायव्हर चाकांवर पाणी मारत होता. त्या दिवशीही मीठ बरोबर होतं.

म्हणजे आतापर्यंत खारट का होत होतं ते उघड झालं. मीही घालत होतो आणि तेही घालत होते. दोन हात.

खरं सांगू? दोन दिवस भीती वाटली, तिसऱ्या दिवशी माज आला. मी मिठाकडे बघणंच सोडलं. लोक बोटं चाटत होते. लोढाजींनी मदुरेत दुसरा महाराज शोधला तर नाहीच, उलट पाठीवर थाप मारली. "हे, हे आमचे गेहरीलालजी! वैशाखातल्या चारधामलाही तुम्हीच चला." मी मिशीवर हात फिरवला. पातेल्यापाशी गेलो की डावीकडे सरकून उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, घाला भाईसा. तेवढंच. हालहवाल नाही, माफी नाही, काही नाही. कामाला लावलेल्या माणसाशी बोलतात तसं.

मदुरेत निरोप द्यायला गेलो. देवळामागच्या गल्लीत पोन्नुत्ताई नावाची बाई पणियारम करते, आपल्या आप्प्यांसारखे. तिचं हिंदी तोडकंमोडकं, माझं तमिळ शून्य.

"अण्णा कुठे?" तिने मला बघताच विचारलं. चेहरा एकच ना आमचा.

मी वर बोट दाखवलं. तिने उलथणं खाली ठेवलं. पात्रातले पणियारम करपले, मग तिने ते काढून टाकले आणि नवीन घातले. चार पानावर ठेवून माझ्यापुढे केले.

"अण्णा बोलायचा. माझा तंबी, धाकटा भाऊ, जगात सगळ्यात चांगलं करतो. फक्त मीठ विसरतो," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत हसली.

मी पान घेतलं, कोपऱ्यावर वळलो आणि भिंतीवर कावळ्यांसाठी ठेवून आलो. मी खाणार नव्हतो. तेव्हाही नाही.

मग पुरी आली, आणि पुरीबद्दल सांगायचं म्हणजे माझी जीभ जड होते. भाईसांच्या त्या शेवटच्या यात्रेत, मी त्यांना भाजी चिरायला बसवलं होतं तेव्हा, ते जगन्नाथाच्या देवळातल्या आनंदबाजारातून महाप्रसाद घेऊन आले. मातीच्या कुल्हडात भात आणि डालमा, म्हणजे भाज्या घातलेली डाळ. तुम्हाला ठाऊक असेल, तिथे राजाने आणि रंकाने एका पानात जेवावं असा रिवाज. त्या अन्नाला विटाळ लागत नाही. आम्ही दोघांनी तीस वर्षं एका पानात खाल्लेला तो प्रसाद.

"ये गेहरी," ते म्हणाले. "इथे तरी."

"तुमचा हात लागलाय त्याला," मी म्हणालो.

शेजारी बसलेल्या एका उडिया म्हाताऱ्याने कानांना हात लावले. भाईसांनी एकट्याने तो सगळा प्रसाद खाल्ला, कारण महाप्रसाद टाकता येत नाही. दोन माणसांचा होता. सावकाश, शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. मी बघत होतो.

यंदा मी तोच प्रसाद घेऊन त्याच जागी बसलो. पहिला घास घेतला, पण एकट्याने खाववेना. बाजूच्या एका बाईला म्हणालो, "मावशी, माझ्यात जेवशील?" ती बसली. निम्मा तिने खाल्ला, निम्मा मी पाण्याबरोबर गिळला.

डायमंड हार्बरच्या खानावळीत म्हातारा निताई मंडल अजून तसाच, लुंगी वर खोचून भात वाढत होता. भाईसा गेले म्हटल्यावर त्याने हात धुतले.

"तूच तो भाऊ?" त्याने विचारलं.

"हो."

"बाकावर न बसता बघून गेलेला?"

"हो."

"भला माणूस होता तो. माशाने त्याचं काही बिघडवलं नव्हतं रे बाबा." मग म्हणाला, "जेव म्हणणार नाही तुला. पाणी तरी पिशील का आमच्याकडचं?"

मी प्यालो. त्याने दुसरा पेला भरून ठेवला, तोही प्यालो. उठताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला वाटलं, यापेक्षा दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचा मुक्काम गया. आणि आता माझ्या मनात काय चाललं होतं तेही सांगतो, लपवून काय करू. पिंड दिला की भाईसा सुटणार. भाईसा सुटले की डाळीत मीठ कोण घालणार? मी हिशोब करून टाकला होता. यंदा गयेच्या पंडाजींना, म्हणजे तिथल्या भटजींना सांगायचं, तब्येत बरी नाही, पुढच्या वर्षी बघू. चारधाम होऊन जाऊ दे. मग पुढची यात्रा. मेलेल्या माणसाला कुठे घाई असते? बसमध्ये बटाटे सोलत मी असा विचार करत होतो. पाठच्या भावाने करावा असा विचार हा नव्हे.

सकाळी भाभीसांचा फोन आला.

"पोचलात गयेला?"

"पोचलो."

"आज मी चूल पेटवणार नाही. पिंड पडला की सांगा, मग पाणी पिईन," त्या म्हणाल्या.

मग काय करता? गेलो. फल्गू नदी कोरडी होती. वाळूत खड्डा करून पाणी काढलं. पंडाजींच्याच दुकानातून जवाचं पीठ, काळे तीळ, मध, दूध घेतलं. मिठाचा डबा बसमध्ये, पेटीत, कुलपात, आणि किल्ली माझ्या जानव्याला. हे मुद्दाम सांगतो. पिंडात मीठ चालत नाही. खारट पिंड पितरांना पोचत नाही, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. मी स्वतः पीठ मळलं, पिंड वळले, पत्रावळीवर मांडले. पंडाजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं, मंत्र सुरू केले.

तिथल्या गायी पिंडांवरच जगतात. आजूबाजूला पन्नास पत्रावळी होत्या. एक तांबडी गाय सगळ्या सोडून सरळ माझ्याकडे आली. पिंडाला जीभ लावली आणि चाटत सुटली. पिंड संपले तरी ती पत्रावळ चाटतच राहिली, आणि पत्रावळ संपल्यावर माझे हात चाटायला लागली. तिच्या खरखरीत जिभेने माझे तळवे सोलवटायला आले, तरी ती थांबेना.

पंडाजींनी मंत्र थांबवले. म्हातारा मुरलेला होता.

"महाराज," ते म्हणाले, "पिंडात मीठ घातलंत?"

"मी? मीठ आणलंच नाही मी!"

"मग गाय काय उगीच चाटते? हात चाखून बघा."

मी बोट जिभेला लावलं. खारट होतं. नुसतं खारट नव्हे, प्रमाणात होतं. एवढ्या पिठाला जेवढं हवं तेवढंच.

"हा पिंड फुकट गेला," पंडाजी म्हणाले. "उद्या सकाळी या. आणि हात धुऊन या जरा."

मी वाळूतच बसून राहिलो. आधी राग आला. म्हटलं, भाईसा, तुम्हाला जायचं नाही का? मी सोडायला तयार झालो तर तुम्ही अडून बसलात! मग हळूहळू उमगलं, आणि उमगल्यावर मी तोंडावर हात मारून घेतले. त्यांना कोणी सांगितलं होतं, की काम संपलं म्हणून? जिवंतपणी मी त्यांना डब्यापासून हाकललं आणि मेल्यावर परत कामाला जुंपलं. रोज घाला म्हणालो. आज पीठ मळलं तर तेही आले आणि मीठ घालून गेले. पीठ कशाचं आहे हे त्यांनी बघितलंच नाही. माझ्या हाताखालचं पीठ, एवढं त्यांना पुरलं. माझ्या हातचं आळणी राहू नये म्हणून त्यांनी स्वतःचा पिंड नासवला.

भाभीसांना फोन केला आणि खोटं नाही बोललो. "उद्या," म्हणालो. "चूक माझी आहे. तुम्ही पाणी प्या." त्या प्याल्या नाहीत, हे मला नंतर कळलं.

दुपारी लिट्टीवाल्याकडे गेलो. विष्णुपदाच्या रस्त्याला बिंदेसरी साव गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर लिट्ट्या भाजतो. निरोप ऐकून तो म्हणाला, "राम राम. मोठे भैया गेले?" आणि मग म्हणाला, "ते नेहमी दोन पानं मांडायला लावायचे. एक त्यांचं, एक समोर. आम्ही विचारलं, हे कोणाचं? तर म्हणायचे, भाऊ येतोय. थंड होईपर्यंत थांबायचे. मग म्हणायचे, आज कामात असेल, आणि ते पान गायीला घालायचे."

"किती वर्षं?" मी विचारलं.

"आमच्या वडिलांच्या वेळेपासून."

मी बाकावर बसलो. "दोन पानं मांड," म्हणालो.

त्याने मांडली. लिट्ट्या तुपात बुडवून फोडल्या, आत सातूचं सारण. बाजूला चोखा, म्हणजे निखाऱ्यावरचं वांगं, कच्चा लसूण, कच्चं मोहरीचं तेल. लसूण! मी आयुष्यात लसणाला शिवलो नव्हतो. पहिला घास घेतला आणि नाकाडोळ्यांतून पाणी आलं. जहाल होतं, करपलेलं होतं, आणि चांगलं होतं. काय सांगू किती चांगलं होतं. आमच्याच बाटीची बहीण ही, आणि तीस वर्षं मी हिच्या दारावरून उपाशी गेलो होतो. मी रस्त्यावर, भर दुपारी, हुंदके देत जेवलो. बिंदेसरी तोंड फिरवून निखारे सारत बसला.

माझं पान संपल्यावर समोरचं पान जवळ ओढलं.

"भाईसा," मी म्हणालो, "मी आलो. उशीर केला. पुरीला जे बोललो ते बोलायला नको होतं. तुमच्या हाताला काही लागलेलं नव्हतं, माझ्याच डोक्याला लागलं होतं. आता तुम्ही उठा. मिठाचं मी बघतो. वाईट होईल, होऊ दे. तुम्ही हात धुवा आणि निघा."

मग त्यांचं पानही खाल्लं. गायीला नाही घातलं.

त्या संध्याकाळी प्रवाशांना बोधगयेला नेलं होतं, जेवण तिकडेच होतं. सकाळी मी पुन्हा फल्गूवर पीठ मळलं. मळताना मी जागचा हललो नाही. वाळूत पाय रोवून बसलो, आणि उजवीकडे जागा ठेवली नाही. कोपराला काही लागलं नाही. पिंड मांडले. तीच तांबडी गाय आली, हुंगलं, नाक फुरफुरवलं आणि पलीकडच्या पत्रावळीकडे गेली. पंडाजींनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मंत्र झाले. पिंड वाळूतल्या त्या पाण्यात गेले. मी भाभीसांना कळवलं आणि पलीकडून पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज ऐकला.

दुपारची पंगत धर्मशाळेत होती, काशीला निघण्याआधी. खिचडी आणि कढी. मी पेटी उघडली, डबा काढला, मूठ भरली. बेचाळीस माणसांना किती, हे मला तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही. भाईसांसारखी मूठ झटकली आणि जरा जास्तच झटकली गेली असावी. टाकलं. पातेल्यापाशी मी एकटाच होतो. इतका एकटा मी त्यांच्या चितेपाशीसुद्धा नव्हतो. ठाकुरजींना भोग लावला आणि वाढलं.

पहिल्या घासाला लोक एकमेकांकडे बघायला लागले. लोढाजींनी चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. सोहनबाईने खिचडी तोंडात घोळवली, गिळली, आणि आता ही काय बोलते म्हणून मी उभा राहिलो.

"महाराज," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात टोमणा नव्हता, "आज काहीतरी नाही यात."

"मीठ कमी आहे, बाई," मी म्हणालो. "आज माझ्या हातचं आहे."

मग वाटीत मीठ घेतलं आणि पंगतीच्या पहिल्या माणसापासून वाढायला सुरुवात केली.